मोटारसायकलचा विमा : स्वस्त कोणता, महाग कोणता ?

(नभोवाणीवरील भाषण)

नवी मोटारसायकल दारांत आली कीं घरांतील मंडळी तिला हार घालतात, नारळ फोडतात, आणि पहिली फेरी कोणीं मारावयाची यावरून मुलांमध्यें थोडा वादहि होतो. त्या गडबडींत एक लिफाफा कपाटाच्या खणांत जाऊन पडतो. त्या लिफाफ्यांत विम्याचा कागद असतो. अलीकडे पुष्कळदां तो कागदहि नसतो; मोबाईलवर नुसती त्याची प्रत येते. हा कागद उघडला जातो तो बहुधा दोनच प्रसंगीं : एक, हप्ता भरण्याची मुदत आली म्हणजे, आणि दुसरा, अपघात झाला म्हणजे. पहिल्या प्रसंगीं आपण त्यांतील आकडा तेवढा पाहतों आणि 'याहून स्वस्त कोठें मिळेल ?' असें विचारतों. दुसऱ्या प्रसंगीं मात्र त्यांतील शब्दन् शब्द पाहावा लागतो, आणि त्या वेळीं त्यांतील एकहि शब्द बदलतां येत नाहीं.

श्रोतेहो, स्वस्त विमा कोठें मिळेल हा प्रश्न अगदीं रास्त आहे. मध्यम स्थितींतील कुटुंबाला दर वर्षाच्या खर्चांत हजार-दोन हजारांचा फरक जाणवतोच. पण या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं आपण नक्की काय विकत घेत आहोंत, हें ठाऊक असावयास हवें. विम्याच्या किंमतीचा कांहीं भाग सरकारच्या हातीं असतो, कांहीं कंपनीच्या हातीं असतो, आणि कांहीं तुमच्या-आमच्या हातीं असतो. कोणता भाग कोणाच्या हातीं, हें एकदां उमगलें म्हणजे काटकसर कोठें करावी आणि कोठें कदापि करूं नये, हेंहि आपोआप उमगतें.

प्रथम विम्याचे दोन भाग ध्यानांत घेऊं. आपल्या गाडीमुळें रस्त्यावरील दुसऱ्या माणसास इजा झाली, तो दगावला किंवा त्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें, तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारी आपणांवर येते. ती जबाबदारी कंपनी आपल्या अंगावर घेते तो पहिला भाग. ह्याला तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा म्हणावयाचें. आपली स्वतःची गाडी मोडली, जळाली, पुरांत बुडाली किंवा चोरीस गेली, तर तिची भरपाई कंपनी देते तो दुसरा भाग. ह्याला स्वतःच्या नुकसानीचा विमा म्हणूं. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला बाजारांत 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी असें नांव आहे.

यांतील पहिला भाग सक्तीचा आहे. इंग्लंडमध्यें अशी सक्ती १९३० च्या कायद्यानें आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तिची तरतूद झाली व ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. आज १९८८ चा कायदा लागू आहे. त्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें विम्यावांचून गाडी चालविणारास पहिल्या वेळीं दोन हजार रुपये व पुन्हां सांपडल्यास चार हजार रुपये दंड, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु दंडाची भीति हें कांहीं या विम्याचें खरें कारण नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. अशा अपघातांतील भरपाईचा आकडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवितें. कमावत्या माणसाच्या मृत्यूचा दावा लाखांच्या घरांत सहज जातो. विमा नसेल तर ती रक्कम गाडीच्या मालकाला स्वतःच्या मिळकतींतून भरावी लागते. मग राहतें घरहि त्यांत जाण्याचा संभव असतो.

आतां या पहिल्या भागाची किंमत पाहूं. ती सरकार ठरवितें, व तिचें मुख्य मोजमाप एकच, तें म्हणजे एंजिनाची शक्ति. १ जून २०२२ पासून अमलांत आलेल्या दरपत्रकाप्रमाणें एका वर्षाचा दर ७५ सी. सी. पर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सी. सी. पर्यंत ७१४ रुपये, १५० ते ३५० सी. सी. पर्यंत १,३६६ रुपये आणि त्यावरील गाड्यांना २,८०४ रुपये असा होता. वर कर निराळा. विजेवर चालणाऱ्या दुचाकींना याच दरांत शेंकडा १५ सूट ठेवली होती. हे दर सरकार वेळोवेळीं बदलतें; म्हणून विमा उतरवितांना चालू दर कोणता हें पाहून घ्यावें. पण तत्त्व ध्यानांत ठेवावें : या भागांत घासाघीस करण्यास वाव जवळ जवळ नाहींच. कोणी रस्त्याच्या कडेला बसून निम्म्या पैशांत हा कागद देऊं लागला, तर तो कागद खोटा आहे असेंच समजावें आणि ज्या कंपनीचें नांव त्यावर असेल तिच्याकडे पॉलिसीचा क्रमांक कळवून खात्री करून घ्यावी. मात्र एक निवड आपल्या हातीं आहे, व ती गाडी घेण्यापूर्वींची आहे. शहरांतल्या शहरांत कचेरीस जाण्यायेण्यासाठीं १२५ सी. सी. ची गाडी पुरत असतां केवळ हौसेखातर ३५० हून अधिक सी. सी. ची गाडी घेतली, तर वरील दरपत्रकाप्रमाणें या एका भागाचाच खर्च जवळ जवळ चौपट होतो.

येथें एक सापळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तिऱ्हाइताचा विमा एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो. दुकानांत गाडी घेतांना बहुधा त्याच्या जोडीला स्वतःच्या नुकसानीचा विमा एकाच वर्षाचा दिलेला असतो. वर्ष संपतें, हा दुसरा भाग मुकाट्यानें संपतो, आणि मालक मात्र 'आपला विमा पांच वर्षांचा आहे' अशा समजुतींत निश्चिंत असतो. तिसऱ्या वर्षीं गाडी चोरीस गेली म्हणजे त्याचे डोळे उघडतात. तेव्हां पॉलिसीवर मुदतीच्या दोन तारखा छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचल्या पाहिजेत.

आतां दुसऱ्या भागाकडे वळूं. कारण स्वस्ताईचा खरा शोध येथेंच करावयाचा आहे. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर मोकळे झाले व प्रत्येक कंपनी आपापला दर लावूं लागली. त्यामुळें एकाच गाडीला दोन कंपन्या निरनिराळे आकडे सांगतात. हे आकडे कशावर ठरतात ? इंग्लंड-अमेरिकेंत चालविणाऱ्याचें वय व त्याचा पूर्वेतिहास यांना फार महत्त्व देतात. आपल्याकडे अजून मुख्यतः गाडीकडेच पाहिलें जातें : तिची किंमत, तिचें वय, एंजिनाची शक्ति, त्या जातीच्या गाड्या चोरीस जाण्याचें प्रमाण, सुट्या भागांची महागाई, आणि ती कोणत्या शहरांत नोंदलेली आहे ही गोष्ट. जुन्या ठरीव दरपत्रकांत मुंबई, पुणें, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद हीं आठ शहरें 'अ' विभागांत आणि बाकी सारा देश 'ब' विभागांत होता. 'अ' विभागाचा दर किंचित् चढा असे.

यांत सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे गाडीची विमा-किंमत. पॉलिसींत तिला 'आय. डी. व्ही.' म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर कंपनी जास्तींत जास्त द्यावयाची ती रक्कम हीच. त्या जातीच्या गाडीच्या चालू विक्रीकिंमतींतून वयाप्रमाणें घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पांचपर्यंत ५० असा हा घसारा आहे. पांच वर्षांनंतरची किंमत मालक व कंपनी यांनीं परस्परसंमतीनें ठरवावयाची.

एक उदाहरण घेऊं. गाडीची विक्रीकिंमत एक लाख रुपये व तिचें वय अडीच वर्षें आहे. म्हणजे विमा-किंमत सत्तर हजार झाली. कंपनीचा दर शेंकडा पावणेदोन रुपये धरला, तर स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १,२२५ रुपये होतो. आतां एखादा एजंट म्हणतो, "साहेब, किंमत पन्नास हजार लिहूं, हप्ता कमी बसेल." खरेंच बसतो, साडेतीनशे रुपयांनीं कमी बसतो. परंतु उद्यां गाडी चोरीस गेली तर हातीं सत्तर हजारांऐवजीं पन्नास हजार येतात. साडेतीनशे वांचविण्यासाठीं वीस हजारांवर पाणी सोडणें याला काटकसर कोण म्हणेल ? म्हणून दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करतांना विमा-किंमत दोन्हीकडे सारखीच आहे ना, हें आधीं पाहावें. नाहीं तर आपण दोन निरनिराळ्या वस्तूंचे भाव ताडून पाहत असतों.

दुसरी मोठी गोष्ट तुमच्या स्वतःच्या हातची आहे, ती म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, अर्थात् 'नो क्लेम बोनस'. एक वर्ष दावा केला नाहीं तर पुढील वर्षीं शेंकडा २०, दोन वर्षें न केल्यास २५, तीनला ३५, चारला ४५ व पांचला ५० अशी ही सूट वाढत जाते. ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरच मिळते. तिऱ्हाइताच्या भागावर मिळत नाहीं. एक दावा केला कीं साधारणपणें ती शून्यावर येते. म्हणून लहानसहान दावा करण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. वरच्याच गाडीचा सहाशे रुपयांचा प्लास्टिकचा भाग फुटला असें समजा. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर कंपनी निम्मा घसारा धरते, राहिले तीनशे. त्यांतून पॉलिसींत लिहिलेली सक्तीची वजावट, समजा शंभर रुपये, गेली. हातीं पडले दोनशे. उलटपक्षीं पुढील वर्षीं त्याच गाडीचा हप्ता सुमारें १,०५० रुपये आला असता, त्यावरील शेंकडा ३५ ची, म्हणजे ३६७ रुपयांची, सूट गेली. आणि पुढच्या वर्षांची सूटहि पुन्हां पहिल्या पायरीवर आली. असा दावा न करणें हेंच हिताचें.

ही सूट गाडीची नसून माणसाची असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जुनी गाडी विकून नवी घेतली तर कंपनीकडून तसा दाखला घेऊन ती नव्या गाडीस लावतां येते. उलट, जुनी गाडी विकत घेणारास विकणाराची सूट मिळत नाहीं. तसेंच स्वतःच्या नुकसानीचा विमा संपल्यावर नव्वद दिवसांत त्याचें नूतनीकरण केलें नाहीं, तर वर्षानुवर्षें सांचविलेली सूट नाहींशी होते. हप्ता वेळेवर भरणें हा विमा स्वस्त करण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि त्याला एक पैहि खर्च येत नाहीं.

खऱ्या काटकसरीचे आणखीहि कांहीं मार्ग आहेत. गाडी ज्या दुकानांत घेतली तेथूनच विमा घेतला पाहिजे असें कायद्याचें बंधन नाहीं. निदान तीन कंपन्यांचे आकडे मागवावे. लहान नुकसान आपलें आपण सोसण्याची तयारी असेल, तर स्वेच्छेची वजावट वाढवून हप्ता कमी करून घेतां येतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें मान्य केलेलें चोरी-प्रतिबंधक साधन बसविल्यास थोडी सूट मिळण्याजोगी असते, ती मागावी. ज्यांची गाडी आठवड्यांतून एखाद-दोन दिवसच बाहेर निघते, त्यांनीं वापराप्रमाणें हप्ता आकारणाऱ्या योजनांची चौकशी करावी. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामक प्राधिकरणानें अशा योजनांस मोकळीक दिली आहे. एकाच मालकाच्या अनेक गाड्या एका पॉलिसींत घेण्याची सोयहि त्याच वेळीं खुली झाली. घसारा न कापण्याचें जोड-संरक्षण नव्या व महाग गाडीस उपयोगी पडतें. जुन्या, साध्या गाडीस तें बहुधा भारी पडतें. पुराचें पाणी जेथें दर पावसाळ्यांत शिरतें, तेथें एंजिनाचें जोड-संरक्षण घेण्याचा विचार करावा. जेथें शिरत नाहीं, तेथें तो पैसा वांचवावा.

यांच्याशेजारीं खोट्या काटकसरीचीहि यादी असावी. मागील वर्षीं दावा केला असतां 'केला नाहीं' असें लिहून देणें. घरगुती गाडी म्हणून विमा उतरवून तिच्यावर घरोघर जिन्नस पोंचविण्याचा धंदा करणें. गाडी विना-परवाना भाच्या-पुतण्याच्या हातीं देणें : या सर्वांत हप्ता वांचल्यासारखा किंवा सोय झाल्यासारखी वाटते, आणि नेमक्या गरजेच्या वेळीं कंपनीला दावा नाकारण्यास कारण सांपडतें. जुनी गाडी घेणारांनीं आणखी एक जपावें : विक्रीनंतर चौदा दिवसांच्या आंत पॉलिसी आपल्या नांवावर करून देण्याबद्दल कंपनीस लिहावें. तिऱ्हाइताच्या जोखमीचा भाग कायद्यानें नव्या मालकाकडे गेला असें मानतात. पण स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा आपोआप जात नाहीं.

आणि आतां शेवटीं, पण मनांत सर्वांत आधीं धरावी, अशी गोष्ट सांगतों. सायंकाळीं आपल्या कोणत्याहि शहरांतील रस्त्यावर उभे राहा. दर दोन-चार मोटारसायकलींमागें एकीवर मागें कोणीतरी बसलेलें दिसतें : पत्नी, म्हातारी आई, शाळेंतून आणलेला मुलगा. यांच्या जीविताचा त्या विम्यांत समावेश आहे काय ? आपण सहज म्हणूं, 'तिऱ्हाइताच्या विम्यांत कोणीहि येत असेल.' तसें नाहीं. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर दुचाकीवर मागें भाडें न देतां बसलेल्या माणसाची जोखीम कंपनीवर येत नाहीं. पॅकेज पॉलिसी असेल तर ती येते, हें त्याच न्यायालयानें २०१२ सालीं स्पष्ट केलें. म्हणजे हजार-बाराशे रुपये वांचविण्यासाठीं ज्यानें नुसती सक्तीची पॉलिसी ठेवली, त्याच्याच चुकीनें त्याची पत्नी जखमी झाली, तर तिनें भरपाई मागावयाची ती नवऱ्याकडे ! रस्त्यावरील अनोळखी माणसाची सोय झाली आणि पाठीशीं बसलेलें घरचें माणूस उघड्यावर राहिलें. म्हणून आपल्या पॉलिसींत मागें बसणाराची जोखीम आहे काय, हें कंपनीस लेखी विचारावें. आणि थोडा अधिक हप्ता देऊन त्याच्यासाठीं वैयक्तिक अपघाताचें संरक्षण जोडून घ्यावें.

चालविणारा मालक स्वतःहि तिऱ्हाईत नव्हे. त्याच्यासाठीं पंधरा लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची तरतूद २०१८ च्या अखेरीपासून झाली आहे. तितक्या रकमेचा असा विमा त्याच्याजवळ आधींच असेल, तर तो पुन्हां विकत घ्यावा लागत नाहीं. येथें खरी बचत आहे. पण हा विमा मृत्यु आणि कायमचें अपंगत्व यांपुरता असतो. हाड मोडून दोन महिने अंथरुणांत पडावें लागलें, तर त्यांतून दवाखान्याचें बिल भागत नाहीं. त्याकरितां आरोग्य विमा वेगळा हवा.

तेव्हां, श्रोतेहो, आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो लिफाफा कपाटांतून काढा, किंवा मोबाईलवरील ती प्रत उघडा. चार गोष्टी पाहा : दोन्ही भागांच्या मुदतीच्या तारखा, गाडीची विमा-किंमत, दावा न केल्याबद्दलची सूट बरोबर लिहिली आहे कीं नाहीं, आणि मागें बसणाराचें नांव नसलें तरी त्याची जोखीम कोठें लिहिली आहे काय. दहा मिनिटांचें काम आहे. हें पाहून झाल्यावर मग खुशाल स्वस्त कंपनीच्या शोधास निघा. ज्या विम्यांत आपलीं माणसें बसतात आणि ज्यांत एक पैहि फुकट गेलेली नाहीं, तोच स्वस्त विमा. ज्याचा हप्ता कमी, पण ज्यांतून घरचें माणूसच गळलें आहे, त्याच्याइतका महाग विमा दुसरा नाहीं.